आमच्या ह्यांचं पॅकेज

गेल्या संक्रांतीला कॉलनीत हळदीकुंकू होतं. नव्यानंच राहायला आलेल्या एका बाईंनी वाण हातात देता देता मला विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं पॅकेज किती हो?" हल्ली पगाराला पगार म्हणत नाहीत, पॅकेज म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी तोंडून निघूनच गेलं, "एकच आहे. पण त्याचे पैसे मिळत नाहीत."

बाई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. शेजारच्या काकू हसू दाबत म्हणाल्या, "अहो, त्यांच्या त्या कॉम्प्युटरच्या खुळाबद्दल बोलतेय ती!" आणि विषय तिळगुळावर गेला. घरी येऊन साडीची घडी घालताना मात्र वाटलं, की ज्या गोष्टीवरून मी बारा वर्षं घरात कुरकुर केली, आणि जी आता थोडीफार माझ्याही गळ्यात आली आहे, ती एकदा नीट सांगून टाकावी.

आमचे हे एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आहेत. मी इथंच मिरजेत एका शाळेत आठवड्यातून चार दिवस मराठी शिकवते. बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईनं संगणकाच्या आतड्यांविषयी लिहावं, हे जरा हसू येण्यासारखंच आहे. पण शेतकऱ्याच्या बायकोला पावसाचं कळतं ना, तसंच हे.

संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिच्यात युनिक्स नावाचं एक मोठं घराणं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याची सुरुवात केली. पुढे १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं त्याच वळणाचं, पण स्वतः लिहिलेलं लिनक्स काढलं. ते कुणीही घ्यावं, वाटावं, बदलावं. तुमच्याआमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तेच आहे. पण नुसतं लिनक्स म्हणजे नुसती चूल. भांडी, डबे, मिसळणाचा डबा, विळी, पोळपाट हे सगळं जमवून संसार लावून देणारी मंडळी वेगळी. त्यातल्या एका मंडळीचं नाव डेबियन. पर्ड्यू विद्यापीठातल्या इयन मरडॉक या विद्यार्थ्यानं १६ ऑगस्ट १९९३ ला ती जाहीर केली, आणि मैत्रीण डेब्रा हिच्या नावाची पहिली अक्षरं आपल्या नावापुढे जोडून 'डेबियन' हे नाव ठेवलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ही गोष्ट सांगून ह्यांनी फार भाव खाल्ला होता. मी विचारलं, "मग झालं का त्यांचं लग्न?" झालं म्हणे, आणि पुढे मोडलंही. इयन २०१५ च्या डिसेंबरात गेला. नाव मात्र अजून दोघांचं मिळूनच चालतं.

डेबियनला मालक नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून त्यातली पॅकेजं सांभाळतात. एकेक प्रोग्राम म्हणजे एकेक पॅकेज. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जी आवृत्ती निघाली, तिच्यात अशी ६९,०००हून जास्त पॅकेजं आहेत. प्रत्येकाला कुणीतरी सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, नेमलेला. आमच्याकडचं त्यातलं एक. स्कॅन केलेली पानं वाकडी आली असतील तर ती सरळ करणारा छोटासा प्रोग्राम. नाव सांगत नाही. सांगून कुणाला कळायचंही नाही.

आता हे पॅकेज आमच्या घरात आलं कसं, ते ऐका. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. २०१३ चा श्रावण असेल. हे गॅलरीत उभे राहून मित्राशी फोनवर बोलत होते, "अरे, अनाथच होतं बिचारं. चार महिने कुणी विचारत नव्हतं. शेवटी मीच दत्तक घेतलं." सासूबाई आत वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्या हातातला कापूसच खाली पडला. मला स्वयंपाकघरात बोलावून, दार लोटून, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का गं? मला आधी सांगायचं ना." मला काही कळेना. ह्यांना बोलावलं. हे समजावायला लागले, की आई, एखादं पॅकेज सांभाळणारा थकला किंवा गेला, की डेबियनमध्ये त्याची 'अनाथ' म्हणून नोंद होते, आणि ज्याला ते घ्यायचं त्यानं दत्तक घेतो असं कळवायचं. शब्द त्यांचेच आहेत. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शब्द तरी बरे वापरावेत." पुढच्या वर्षी मुलगा झाला तेव्हा बारशाला त्यांनी सगळ्या बायकांना ही गोष्ट सांगितली. आता ती आमच्या घराण्याच्या कायमच्या गोष्टींत गेली आहे.

सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. प्रोग्राम लिहिणारा एक आणि बांधून देणारा दुसरा, हे मुळात लक्षात येत नाही. आमच्या प्रोग्रामचे लेखक युरोपातले एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते लिहितात तो मजकूर, म्हणजे सोर्स, जसाच्या तसा यंत्राला चालत नाही. तो कंपायलर नावाच्या जात्यातून काढावा लागतो. मग कुठली फाइल कुठल्या कप्प्यात जाणार, आधी दुसरे कुठले प्रोग्राम घरात असायला हवेत, हे सगळं 'डेबियन' नावाच्या एका फोल्डरात लिहून ठेवायचं. 'कंट्रोल' फायलीत सामानाची यादी, 'रूल्स'मध्ये कृती, 'कॉपीराइट'मध्ये कुणाचे काय हक्क, आणि 'चेंजलॉग'मध्ये कुणी कधी काय बदललं. ते सगळं जमलं, की एक डेब फाइल निघते. ती घेणाऱ्यानं एक ओळ टाइप करायची, की प्रोग्राम बसला.

मला वाटे, एकदा बांधलं की झालं. तसं नसतं. खालचं जातं बदलतं, नवा कंपायलर येतो आणि काल निमूट दळला जाणारा मजकूर आज अडकतो. ज्या दुसऱ्या पॅकेजवर आपण टेकलेलो असतो तेच हलतं. जगात कुठं तरी कुणाचं तरी पान सरळ व्हायच्याऐवजी उलटं होतं आणि तो तक्रार लिहितो. आपल्या घरात आज पुसलेला ओटा उद्या पुन्हा पुसावा लागतोच ना. हे तसंच, पण ह्यांना मी ते बोलून दाखवलं तेव्हा त्यांना ती तुलना फारशी आवडली नव्हती. "अगं, हे टेक्निकल काम आहे," म्हणाले. मी म्हटलं, "आणि ओटा?"

बांधकामाची खरी गोम मला कळली ती मेतकुटामुळे. माझ्या नणंदेनं हुबळीहून मेतकुटाची कृती मागवली. मी दोन पानं भरून लिहून पाठवली. पंधरा दिवसांनी फोन आला, "वहिनी, नुसतं पीठ खाल्ल्यासारखं लागतंय." मी सगळं पुन्हा विचारलं. डाळी भाजल्या? भाजल्या. मेथी, धणे, जिरं? घातलं. मग लक्षात आलं, की हिंग आणि सुंठ मी लिहिलीच नव्हती. माझ्या ओट्यावर त्या डब्या कायम हाताशी असतात, हात आपोआप तिकडे जातो, म्हणून कागदावर यायच्या राहिल्या. हे मागे बसून ऐकत होते. एकदम म्हणाले, "हेच! अगदी हेच होतं!" पॅकेज बांधणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर शंभर गोष्टी आधीच बसवलेल्या असतात. त्याच्याकडे सगळं बिनबोभाट बांधलं जातं. दुसऱ्याकडे गेलं की कोसळतं, कारण यादीत हिंग लिहिलेला नसतो. म्हणून ही मंडळी संगणकातच एक कोरी खोली तयार करतात. तिच्यात यादीत लिहिलेलं तेवढंच सामान आणलं जातं आणि तिथं बांधून बघतात. मला ही पद्धत इतकी पटली, की आता कुणाला कृती लिहून द्यायची तर मी आधी ओट्यावरच्या सगळ्या डब्या आत ठेवते.

अति नीटनेटकेपणाही नडतो. ह्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार लागली. २००६ मध्ये डेबियनमधल्या ओपनएसएसएल नावाच्या, कुलूपकिल्ल्या घडवणाऱ्या पॅकेजातल्या दोन ओळी तपासणीच्या साधनाला खटकल्या, म्हणून बंद करण्यात आल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या ओळींतच किल्ली यदृच्छेनं, कुणाला ओळखता येणार नाही अशी घडवण्याचं मर्म होतं. दीड वर्षाहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. २००८ च्या मे महिन्यात लुचियानो बेलो यानं ते शोधलं, तेव्हा कळलं की एकेका प्रकारच्या किल्ल्या निघत होत्या त्या फक्त ३२,००० च्या आसपास नमुन्यांच्या. संगणकाला ३२,००० किल्ल्या लावून बघायला कितीसा वेळ! जगभर लोकांना कुलपं बदलावी लागली. मी एकदा दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंची एक मळकी कापडी पिशवी बोहारणीला देऊन टाकली होती. तिच्या अस्तरात लॉकरची किल्ली शिवलेली होती. त्यामुळे त्या बंद केलेल्या ओळींबद्दल कुणाला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही.

तरी माझी कुरकुर चालूच होती, हे कबूल केलं पाहिजे. रात्री दहानंतर हे लॅपटॉप उघडून बसत. पैसा नाही, नाव नाही. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी परदेशातून तक्रार लिहिणार आणि आमचा नरसोबाच्या वाडीचा बेत पुढे ढकलला जाणार. मुलांना मात्र मजा वाटे, कारण डेबियनच्या आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या खेळण्यांवरून ठेवतात. अजून कच्चं, रोज बदलणारं जे असतं त्याचं नाव कायम 'सिड', म्हणजे त्या सिनेमातला शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. नवं पॅकेज आधी सिडमध्ये जातं, तिथं काही दिवस मोडतोड झाली नाही तर 'टेस्टिंग'मध्ये, आणि दोन-एक वर्षांनी सगळं निवून पक्की आवृत्ती निघते. सांडगे वाळवून, खडखडीत झाले की मगच डब्यात भरतो, तसं.

२०२३ ची दिवाळी आमच्याकडे काळी गेली. वसुबारसेच्या पहाटे सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, दवाखाना, मग घरी तीन महिने पलंग. माझी शाळा, मुलांच्या परीक्षा, रात्री दोनदा उठून त्यांना कुशीवर वळवायचं. ह्यांनीही कमी केलं नाही; आईचं सगळं केलं त्यांनी. लॅपटॉप मात्र आठ-आठ दिवस उघडला जात नसे.

आणि नेमका त्याच सुमारास कंपायलर बदलल्यानं आमचं पॅकेज बांधलं जाईना. जानेवारीत तशी नोंद आली. मग ठरल्याप्रमाणे यंत्राचं पत्र आलं, की अमुक तारखेपर्यंत दुरुस्त झालं नाही तर हे पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप काढलं जाईल. तारीख एप्रिलच्या मध्याची होती. माणसांचीही पत्रं आली. पहिली सौजन्याची. मग एकानं लिहिलं, की वेळ नसेल तर जागा अडवून बसू नये. मी ते ह्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्या वेळी हे आईचे पाय चेपून नुकतेच येऊन बसले होते, हात तेलकट होता. मला त्या माणसाचा इतका राग आला, की जी गोष्ट बंद व्हावी म्हणून मी दहा वर्षं नवस बोलायची तेवढी बाकी होते, तिच्यासाठीच मी भांडायला उभी राहिले.

फेब्रुवारीत मात्र एक गोड पत्र आलं. लिहिणारा अनोळखी. मी आपलं पॅकेज वापरतो, आपल्यावर भार दिसतो, दुरुस्तीचे तीन तुकडे तयार करून सोबत जोडले आहेत, आणि आपली हरकत नसेल तर सहसांभाळकर्ता म्हणून माझं नाव घाला, असं. ह्यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला! "देवानंच पाठवला बघ," म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही सासूबाईंसाठी दिवसपाळीला एक मावशी ठेवल्या होत्या. ह्यांनी त्यांचं आधार कार्ड बघितलं, आधीच्या घरी फोन केला, गावाकडचा पत्ता लिहून घेतला, मगच घराची किल्ली दिली. मी म्हटलं, "मावशींची एवढी चौकशी, आणि ह्या मुलाची? ह्याचं तर नावच खरं की काय कोण जाणे." हे म्हणाले, "आमच्यात कोड बघतात, आधार कार्ड नाही." मी गप्प बसले. तुकडे वाचायला ह्यांना वेळच मिळत नव्हता, म्हणून प्रत्यक्षात काही झालं नाही, एवढंच.

३० मार्च २०२४, शनिवार. रंगपंचमी होती. मुलं रंगून येऊन दारात उभी होती, आणि मी "आत पाऊल टाकलंत तर याद राखा" म्हणून ओरडत होते. हे टेबलाशी लॅपटॉपपुढे बसले होते. आदल्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यानं एक गोष्ट जाहीर केली होती. तो डेटाबेसच्या कामात होता. त्याच्या डेबियन सिडवर, दुरून संगणकात शिरायला जी एसएसएचची वाट असते, तिला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. पण कुकरच्या शिट्टीचा आवाज किंचित बदलला तरी आपण जशा हातातलं काम टाकून बघायला जातो, तसा तो मागे लागला, आणि त्याला एक्सझेड नावाच्या छोट्या पॅकेजात दडवलेलं चोरदार सापडलं.

एक्सझेड हे माहिती दाबून लहान करणारं साधन. डेबियनची पॅकेजं तीच मुळी बहुतेक ह्यानंच दाबलेली असतात, म्हणजे ते घराघरात. सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, फिनलंडचा लासे कोलिन. कित्येक वर्षं, बिनपगारी. २०२२ मध्ये लोक त्याच्यामागे लागले, की काम मागे पडतंय, दुसऱ्याला द्या. त्यानं उघडपणे लिहिलं होतं, की दीर्घकाळच्या मानसिक आजारपणामुळे मला झेपत नाही आणि हे काम मी हौसेनं, पैशांशिवाय करतो. त्याच काळात 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदतीला आलं होतं. मनमिळाऊ, कष्टाळू. दोन वर्षं नेकीनं काम केलं, हळूहळू किल्ल्या हाती आल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांत, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, डाव साधला. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दोन फायलींत विष होतं. ते जागं करणारा मजकूर सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत नव्हताच. तो होता फक्त वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात. पॅकेज करणारे गाठोडंच उचलतात. जिया टॅन ही खरी कोण व्यक्ती, की मंडळी, ते उघड झालेलं नाही. जे तगादा लावत होते तेही त्याच टोळीतले असावेत असा संशय आहे.

डेबियनची पक्की आवृत्ती वाचली, कारण माल अजून सिडच्या आणि टेस्टिंगच्या उन्हातच होता. घाईनं जुना, चांगला माल परत आणला गेला. पण पॅकेजचा क्रमांक मागे नेता येत नाही. पुढचाच द्यावा लागतो. म्हणून त्यांनी नाव दिलं '५.६.१+रियली५.४.५-१'. म्हणजे पाटी ५.६.१ ची, पण आत 'खरं तर' ५.४.५. मला त्या तसल्या दिवशीही हसू आलं. लग्नाच्या रुखवतातल्या लाडवांवर लावावी तशी चिठ्ठी!

हे हसले नाहीत. त्यांनी आपला लॅपटॉप पुसून पुन्हा सगळं नव्यानं भरलं. मग रात्री मला म्हणाले, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. तो मुलगा." अनोळखी माणूस, थकलेला सांभाळकर्ता, आधी तगादा, मग गोड पत्र. सगळं जुळत होतं. ह्यांनी त्याला उत्तर द्यायचं थांबवलं. मीच म्हटलं होतं, थांबवा. तेव्हा आपण फार शहाणपणा केला असं वाटलं होतं मला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचं आणखी एक पत्र आलं. चारच ओळी. सध्याच्या परिस्थितीत तुम्हांला माझी शंका येणं साहजिक आहे, माझं नाव घालू नका, पण तुकडे तेवढे तपासून वापरा, नाहीतर पॅकेज काढलं जाईल, मला ते प्रबंधाच्या कामाला लागतं. खाली महाविद्यालयाचं नाव, ईशान्येकडच्या एका राज्यातलं. ह्यांनी शोधलं तर तिथल्या विद्यार्थ्यांच्या यादीत तो खराच होता. जुन्या हस्तलिखितांची पानं स्कॅन करत होता पोरगा.

त्या शनिवारी रात्री आम्ही दोघं ते तीन तुकडे घेऊन बसलो. हे एकेक ओळ वाचायचे, ही ओळ काय करते ते मला साध्या मराठीत सांगायचे, आणि मी 'का?' विचारायची. उत्तर देता आलं नाही तर पुढे जायचं नाही, असं ठरवलं होतं. वर्गात मी मुलांना अर्थ सांगायला लावते तसंच. दीड वाजला. मध्ये एकदा सासूबाईंना पाणी देऊन आले. तिन्ही तुकडे स्वच्छ होते. त्यातल्या एकानंच नव्या कंपायलरची अडचण सुटली. तिसऱ्यात तर त्यानं लेखकाचीच एक जुनी चूक दाखवली होती, जी ह्यांच्या नजरेतून दहा वर्षं सुटली होती.

कोऱ्या खोलीत बांधलं. बांधलं गेलं. मुदतीच्या चार दिवस आधी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या मुलाला माफीचं पत्र लिहिलं. ते चांगलं उतरावं म्हणून मी तीनदा खोडलं. उत्तर आलं नाही. पुढे दोनदा लिहिलं, तरी नाही. मावशींना आम्ही पहिल्या दिवशी चहा दिला होता; ह्याला दोन महिने दारात उभं केलं आणि मग दार लावून घेतलं. चौकशी करायला हवी होती हे मी अजूनही म्हणते. पण फोन करून, समोरासमोर बोलून करता आली असती. डेबियनवाले तसंच करतात म्हणे: एकमेकांना भेटून ओळखपत्र बघतात आणि मग एकमेकांच्या किल्लीवर सही करतात. ह्यांची स्वतःची किल्लीही पुण्यात अशीच सही होऊन आली होती. आम्ही तेवढंही केलं नाही. सोपं होतं तेच केलं, म्हणजे गप्प बसलो.

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. आणि सहसांभाळकर्ता म्हणून दुसऱ्या नावाच्या जागी सध्या माझं नाव आहे. कुणी हसू नका. प्रोग्राम मला लिहिता येत नाही. पण यादी, कृती, नोंद आणि कोरी खोली ही बाजू मला जमते. माझं पहिलं बांधकाम तपासणीच्या 'लिंटियन' नावाच्या साधनानं परत पाठवलं होतं, ओळीच्या शेवटी एक जागा जास्त सुटली म्हणून. शुद्धलेखनाच्या वह्या तपासणारी मी, माझ्याच वहीवर लाल शेरा! सही अजून ह्यांचीच लागते, माझी किल्ली व्हायची आहे.

एप्रिल २०२४ च्या त्या नोंदीत दुरुस्तीच्या ओळीखाली त्या मुलाचे आभार आहेत, पूर्ण नावानं. तीन तुकडे, तिन्ही त्याचे, असं लिहिलं आहे. चेंजलॉगमध्ये नवीन नोंद वर चढते, जुन्या तशाच खाली राहतात. दर वेळी फाइल उघडली, की मी खाली त्या ओळीपर्यंत जाऊन येते.

लेखकांची नवी आवृत्ती गेल्या मंगळवारी आली आहे. रविवारी दुपारी सासूबाई लवंडल्या की बसेन.